साडेबारा आणि पावणेएकोणीस: तिकीट नसलेल्या पत्रांचा हिशेब

प्रश्न: मी ७४ वर्षांचा असून जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो आहे. मूळचा अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. मुलगा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील वेस्ट चेस्टर येथे राहतो. मागच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे असताना जुन्या वस्तूंच्या बाजारात मी चौदा जुनी पत्रे विकत घेतली. त्यांपैकी तेरांवर तिकीटच नाही. न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियाला गेलेली दोन पत्रे आहेत. १८१५ च्या पत्रावर पेनाने १८¾ लिहिले आहे, तर १८३१ च्या पत्रावर १२½. ही कारकुनाची चूक असावी का? एका पत्रातील मजकूर तर जाळीसारखा दिसतो आणि वाचताच येत नाही. चौदाव्या पत्रावर बेंजामिन फ्रँकलिनचे चित्र असलेले पाच सेंटांचे तपकिरी तिकीट आहे आणि त्या एकासाठी मी बाकीच्या तेरांहून जास्त पैसे मोजले. ते खरे आहे का? पत्नीचे म्हणणे असे की सगळी लॅमिनेट करून टाकावीत. त्याच विक्रेत्याकडे मुंबईहून बोस्टनला गेलेले एक पत्र होते, त्यावर 'शिप' असा शिक्का आणि २०¾ असा आकडा होता. महाग वाटले म्हणून सोडले, फोटो मात्र काढून आणला आहे. तो आणि चौदाव्या पत्राचा फोटो सोबत पाठवत आहे. पेन्शनीत हा छंद पुढे नेता येईल का?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांपैकी आकड्यांचा प्रश्न मी आधी घेते, कारण तो उलगडला की बाकीचे निम्मे सुटतात. न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया हा टपालरस्ता शंभर मैलांच्या आतबाहेरचा. दोन्ही पत्रे एकेका कागदाची, अंतर तेच, आणि तरीही सोळा वर्षे जुन्या पत्राला जास्त पैसे पडलेले पाहून तुम्हाला कारकुनाची चूक वाटली, हे लेखा विभागात आयुष्य घालवलेल्या माणसाला साजेसेच आहे. पण चूक झालेली नाही. १८१२ मध्ये ब्रिटनशी सुरू झालेल्या युद्धाचा खर्च भागवण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने १ फेब्रुवारी १८१५ पासून टपालहशिलात सरसकट निमपट वाढ केली. साडेबारा सेंटांची निमपट सव्वासहा, आणि दोहोंची बेरीज पावणेएकोणीस. गंमत अशी की तहावर घेंट येथे डिसेंबर १८१४ मध्येच सह्या झाल्या होत्या, परंतु ती बातमी समुद्र ओलांडून येण्याआधीच वाढ लागू झाली आणि युद्ध संपल्यावरही ३१ मार्च १८१६ पर्यंत ती वसूल होत राहिली. त्यानंतर एप्रिल १८१६ या एका महिन्यापुरते १७९९ चे जुने दर परत आले आणि १ मे १८१६ पासून नवे दरपत्रक सुरू झाले. तुमचे १८१५ चे पत्र या चौदा महिन्यांतले आहे. तिकीट असलेल्या त्या महागड्या पत्रापेक्षा मला हेच पत्र मोलाचे वाटते, आणि तुम्ही ते न ओळखता घेतलेत याचा मला मनापासून आनंद झाला.

साडेबारा आणि पावणेएकोणीस असे विचित्र आकडे आले कुठून, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. त्या काळी अमेरिकेत व्यवहारात स्पॅनिश चांदीची नाणी सर्रास चालत आणि स्पॅनिश डॉलरचे आठ रियाल होत. एक रियाल म्हणजे साडेबारा सेंट, अर्धा म्हणजे सव्वासहा, दीड म्हणजे पावणेएकोणीस आणि दोन म्हणजे पंचवीस. तुमच्या पिढीला हे समजावून सांगण्याची गरजच नाही, कारण १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे नवे पैसे आले तेव्हा आण्याचे सव्वासहा, चवलीचे साडेबारा, तीन आण्यांचे पावणेएकोणीस आणि पावलीचे पंचवीस पैसे हाच हिशेब घरोघरी मांडला गेला होता. रुपयाचे सोळा आणे आणि डॉलरचे आठ रियाल; रियाल म्हणजे डॉलरची चवलीच. अमेरिकेने ही परकी नाणी कायदेशीर चलनातून काढली ती १८५७ मध्ये, आपल्या नव्या पैशांच्या बरोबर शंभर वर्षे आधी. अमेरिकेतल्या आजच्या संग्राहकाला हे अपूर्णांक पाठ करावे लागतात. तुम्हाला ते लहानपणापासून तोंडपाठ आहेत. या छंदात तुम्ही एका पावलाने पुढे आहात असे मी म्हणते ते यामुळेच.

आता तिकीट नसण्याबद्दल. तुमच्या तेरा पत्रांवरून कोणी काही काढून घेतलेले नाही. अमेरिकी टपालखात्याची पहिली तिकिटे १ जुलै १८४७ ला निघाली. त्यापूर्वी, आणि त्यानंतरही आठेक वर्षे, बहुतेक पत्रे बिनतिकिटाचीच जात. हशील आधी भरले तर 'पेड' असा शेरा पडे, नाहीतर ते पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई. आपल्याकडे नॉटपेड पत्र म्हणजे दुप्पट भुर्दंड आणि थोडी नामुष्कीही. तेथे मात्र १८५१ पर्यंत आधी भरा वा नंतर भरा, रक्कम सारखीच होती, त्यामुळे तो भार घेणाऱ्यावर टाकण्यात कोणाला संकोच वाटत नसे. आगाऊ हशील सक्तीचे झाले १ एप्रिल १८५५ ला आणि तिकीट लावणे सक्तीचे झाले १८५६ च्या आरंभी. पाकीट नाही याचेही कारण हिशेबातच आहे. १८४५ पर्यंत आकारणी वजनावर नव्हती, कागदांच्या संख्येवर होती. वर पाकीट घातले तर तो दुसरा कागद धरून दुप्पट हशील पडे. म्हणून लोक एकाच मोठ्या कागदावर लिहीत, आपल्या आंतर्देशीय पत्रासारखी त्याची घडी घालत, लाखेने चिकटवत आणि बाहेरच्या बाजूवर पत्ता लिहीत. जागा संपली की कागद आडवा फिरवून आधीच्या ओळींवरूनच आडव्या ओळी लिहीत. तुमच्या एका पत्रातील मजकूर जाळीसारखा दिसतो आणि वाचता येत नाही असे तुम्ही लिहिले आहे, ते अशाच दुहेरी लिखाणामुळे. कागद तिरपा धरून एका दिशेच्या ओळींवर नजर ठेवा, हळूहळू वाचता येईल.

१ मे १८१६ ते ३० जून १८४५ या काळातले दर तुम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत, कारण बाजारात दिसणारी बहुतेक बिनतिकिटी पत्रे याच काळातली असतात. एका कागदाला तीस मैलांपर्यंत सहा सेंट, ऐंशी मैलांपर्यंत दहा, दीडशेपर्यंत साडेबारा, चारशेपर्यंत साडेअठरा आणि त्यापुढे कितीही अंतर असले तरी पंचवीस. यातले साडेअठरा १८२५ च्या कायद्याने पावणेएकोणीस झाले. १ जुलै १८४५ पासून सगळे सोपे झाले: अर्ध्या औंसाला तीनशे मैलांपर्यंत पाच सेंट आणि त्यापुढे दहा. यावरून एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. पावणेएकोणीस हा आकडा १८१५ मध्ये न्यूयॉर्क–फिलाडेल्फिया पत्रावर युद्धवाढीमुळे येतो आणि १८३५ मध्ये न्यूयॉर्क–बोस्टन पत्रावर नेहमीचा दर म्हणूनही येतो. नुसता आकडा पाहून काहीच ठरत नाही. गाव, अंतर, कागदांची संख्या आणि वर्ष ही चारही अंगे जुळली तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

आणि वर्ष हीच अडचणीची बाब आहे. त्या काळच्या शिक्क्यांत गाव, महिना आणि दिवस असे. वर्ष सहसा नसे. ते शिक्क्यात नेमाने येऊ लागले १८५० च्या दशकात. म्हणजे वर्ष कळणार ते आतल्या मजकुराच्या माथ्यावरून, किंवा पत्र घेणाऱ्या व्यापाऱ्याने घडीच्या पाठीवर केलेल्या नोंदीवरून. त्या काळचे व्यापारी पत्र मिळाले की ते अरुंद घडी घालून त्यावर पाठवणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि कधी कधी 'उत्तर दिले' असे लिहून ठेवत. तुमच्या खात्यातल्या फायलींवरच्या शेऱ्यांसारखेच ते. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एक अतिशय सुबक निळा शिक्का असलेले पत्र आनंदाने घेतले आणि घरी आल्यावर पाहिले तर ते नुसते दर्शनी अर्धे होते. मजकुराचा भाग कोणीतरी कापून टाकला होता. आकडा होता, शिक्का होता, पण वर्ष कायमचे गेले होते. ते पत्र आजही माझ्याकडे आहे आणि त्याचा हिशेब आजही लागलेला नाही. म्हणून पत्र उलगडून पाहिल्याशिवाय घेऊ नका, आणि मजकूर कापलेला असेल तर शिक्का कितीही देखणा असला तरी किंमत अगदी नगण्य असल्याखेरीज हात लावू नका.

शिक्क्यांविषयी थोडेच सांगते. मोठ्या कचेऱ्यांना खात्याकडून शिक्के मिळत. लहान गावातला पोस्टमास्तर, जो बहुधा दुकानदार किंवा खानावळवाला असे, गावाचे नाव आणि तारीख पेनानेच लिही किंवा स्वतःच्या खर्चाने शिक्का करवून घेई. त्यामुळे सरळ ओळीतले, लंबगोल, गोल, काळे, तांबडे, निळे, क्वचित हिरवे असे नाना प्रकार दिसतात. रंगीत शिक्क्यांच्या किमती चढ्या असतात, पण पेनाने लिहिलेल्या नावाच्या पत्रांकडे लोकांचे दुर्लक्ष होते. त्यांतील कित्येक कचेऱ्या पुढे बंद झाल्या, काही गावांची नावेही उरली नाहीत. अशी पत्रे दहा डॉलरांच्या आतबाहेर अजूनही मिळतात. पेन्शनीत छंद नेता येईल का, या प्रश्नाचे माझे उत्तर तिथूनच सुरू होते, पण त्याआधी तुमच्या चौदाव्या पत्राचे पाहू.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत न्यूयॉर्कचा तांबडा गोल शिक्का आहे, पत्राच्या आतल्या मजकुरावर ऑगस्ट १८४९ अशी तारीख आहे, पत्ता बोस्टनचा आहे. अंतर तीनशे मैलांच्या आत, म्हणजे हशील पाच सेंट. तिकीटही पाच सेंटांचे. इथवर सारे जुळते. पण पत्राच्या वरच्या कोपऱ्यात '५' असा वेगळा शिक्का आहे, आणि 'पेड' कोठेही नाही. तिकीट लावून हशील आधीच भरले असेल तर पाच सेंट वसूल करायचे ते कोणाकडून? शिवाय तिकिटावर नुसती पेनाची फुली आहे आणि ती फुली तिकिटाच्या कडेलाच थांबते. शाईचा एकही फराटा तिकिटावरून कागदावर उतरलेला नाही. न्यूयॉर्कच्या कचेरीत ही तिकिटे सहसा तांबड्या चौकोनी जाळीच्या शिक्क्याने रद्द करत. पेनाने फुली मारलेली सुटी तिकिटे तुलनेने स्वस्त मिळतात आणि खोडसाळ हात नेमकी तीच उचलतात, कारण साध्या नॉटपेड पत्रावर ती चिकटवली की किंमत कितीतरी पटींनी वाढते. मला वाटते, हे पत्र खरे आहे, तिकीटही खरे आहे, पण त्या दोघांची गाठ टपालकचेरीत पडलेली नाही. मी फोटोवरून बोलते आहे, म्हणून हा शेवटचा निवाडा समजू नका. अमेरिकन फिलाटेलिक सोसायटी आणि न्यूयॉर्कचे फिलाटेलिक फाउंडेशन या दोन्ही ठिकाणी जाणकारांकडून तपासणी करून प्रमाणपत्र देतात. शुल्क आधी विचारा आणि पत्राच्या किमतीच्या मानाने ते परवडत असेल तरच पाठवा. त्याआधी विक्रेत्याला शांतपणे हा हिशेब दाखवून पत्र परत घेण्याविषयी विचारायला हरकत नाही. त्यालाही ते ठाऊक नसण्याची शक्यता आहे. तिकीट उचलून खाली काय आहे हे पाहण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळा. पुरावा नष्ट होईल आणि मग कोणीही काही सांगू शकणार नाही.

लॅमिनेशनबद्दल माझे म्हणणे अगदी स्पष्ट आहे: करू नका. ते कधीही सुखरूप काढता येत नाही, उष्णतेने लाख वितळते आणि शाई फिकट पडते. तुमच्या पत्नीची काळजी रास्त आहे, कारण आपल्या पावसाळ्यात जुन्या कागदाला बुरशी आणि कसर लागायला एक मोसम पुरतो. उपाय मात्र वेगळा हवा. प्रत्येक पत्रासाठी पॉलिएस्टरचे पारदर्शक पाकीट घ्या, जे मायलर या नावाने ओळखले जाते. बाजारात सहज मिळणारे मऊ, वास येणारे पीव्हीसीचे प्लास्टिक वापरू नका. सेलोटेप, डिंक, स्टेपल आणि इस्त्री यांपैकी काहीही पत्राजवळ येऊ देऊ नका. पत्र एकदाच, दिवसाच्या उजेडात, हात धुऊन आणि पुसून उलगडा, सगळ्या बाजूंचे फोटो काढा आणि पुढे वाचन फोटोवरच करा, कारण दोनशे वर्षांच्या घडीवर कागद सर्वात आधी फाटतो. त्या काळची लोहयुक्त शाई कागद हळूहळू खाते आणि ओलाव्याने ती क्रिया वाढते, म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. कपाटात वेखंड ठेवण्याची आपली जुनी रीत चांगली आहे, पण पुरचुंडी बांधून आणि पत्रांपासून दूर ठेवा. भुकटी कागदाला लागता कामा नये.

आता पुढे काय गोळा करावे, याविषयी. दिसेल ते पत्र घेत गेलात तर दोन वर्षांत पेटी भरेल आणि त्यातून काहीच उभे राहणार नाही. तुमचा मुलगा वेस्ट चेस्टरला राहतो. तेथून फिलाडेल्फिया तीस मैलांच्या आत आहे. हा एवढाच एक रस्ता धरा. १७९९ च्या दराने या पत्राला आठ सेंट पडत, १८१५ च्या युद्धवाढीत बारा, १८१६ पासून सहा, १८४५ पासून पाच, आणि १ जुलै १८५१ पासून आधी भरल्यास तीन, न भरल्यास पाच. पाच-सहा पत्रांत अर्ध्या शतकाचे दर येतात. सहा आणि पाच सेंटांची पत्रे तुम्हाला लवकर मिळतील. बारा सेंटांच्या पत्रासाठी कदाचित अनेक वर्षे वाट पाहावी लागेल, आणि ती वाट पाहण्यातच या छंदाचे खरे सुख आहे असे मी अनुभवाने सांगते. मुलाकडे जाल तेव्हा त्याच राज्यातील बेलफाँट या गावी अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीचे मुख्यालय आणि तिचे संशोधन ग्रंथालय आहे, तेथे एक दिवस काढा. बिनतिकिटी पत्रांच्या छापील सूच्या तेथे पाहायला मिळतील आणि प्रत्येक गावाचे कोणते शिक्के कोणत्या वर्षांत वापरले गेले याची पडताळणी करता येईल. प्रत्येक पत्रामागे वहीत एक पान ठेवा, आणि ज्या पत्राचा हिशेब लागत नाही त्याच्या पानावर न लागण्याचे कारण लिहा.

राहिले मुंबईचे पत्र. तुम्ही नगरचे असल्याने ते सोडताना तुम्हाला चुटपुट लागली असणार. बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये त्यांनी तुमच्या नगरात ठाणे केले आणि तेथूनच १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू झाले. त्यांची न्यू इंग्लंडमधील घरच्यांना लिहिलेली पत्रे जहाजांतून जात. अमेरिकेच्या बंदरात उतरलेल्या अशा पत्रावर, ते त्याच बंदराच्या गावचे असेल तर एकूण सहा सेंट, आणि पुढच्या गावचे असेल तर आतल्या रस्त्याचे हशील अधिक दोन सेंट असा आकार होता. म्हणजे बोस्टनच्या पत्त्याचे पत्र बोस्टनलाच उतरले तर सहा, सेलमला उतरले तर सहा अधिक दोन असे आठ, आणि न्यूयॉर्कला उतरले तर पावणेएकोणीस अधिक दोन, म्हणजे पावणेएकवीस. तुमच्या फोटोतला आकडा हाच आहे. यावरून ते जहाज बहुधा न्यूयॉर्कला लागले असावे, आणि दर पावणेएकोणीसचा असल्याने पत्र बहुधा १८२५ ते जून १८४५ या काळातले असावे.

फोटो दर्शनी बाजूचा आहे, त्यामुळे पुढच्या खेपेला तीन गोष्टी पाहा. 'शिप' बरोबर न्यूयॉर्कचाच शिक्का आहे का. आत मुंबईची किंवा नगरची तारीख या वीस वर्षांत बसते का, आणि न्यूयॉर्कच्या शिक्क्यातील महिना त्या तारखेनंतर काही महिन्यांनी येतो का. आणि तिसरे, कागदावर एखाद्या संस्थेचा किंवा ग्रंथालयाचा शिक्का अथवा क्रमांक आहे का. बोर्डाचा स्वतःचा पत्रसंग्रह हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे, म्हणून असा काही शिक्का दिसला तर पत्र विक्रेत्याकडे कसे आले हे विचारल्याशिवाय घेऊ नका. तिन्ही गोष्टी ठीक असतील तर चौदाव्या पत्राचे परत मिळालेले पैसे त्यात घाला, आणि आतल्या मजकुराच्या पहिल्या पानाचा फोटो मला अवश्य पाठवा.